उतरणीची जमीन, गवताचे आच्छादन आणि सीआरपीचे भाडे: आयोवातील जमीनमालकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ज्यांची शेतजमीन आहे, पण जे ती स्वतः कसत नाहीत, अशा मराठी कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. नोकरी किंवा दवाखाना डे मॉइन, शिकागो वा मिनियापोलिसला, जमीन तिथून काही तासांच्या अंतरावर एखाद्या ग्रामीण काउंटीत, आणि ती कसणारा स्थानिक शेतकरी ठरलेला खंड वेळेवर देतो, अशी व्यवस्था असली की जमिनीच्या प्रकृतीकडे मालकाचे लक्ष सहसा जात नाही. उतारावरच्या मक्याच्या शेतातून दर मोठ्या पावसात माती वाहून खालच्या ओढ्याला मिळते, खंड मात्र तेवढाच येत राहतो, आणि त्यामुळे झालेले नुकसान कोणत्याही कागदावर उमटत नाही. अशा जमिनीचा काही भाग पिकाखालून काढून कायमच्या गवताखाली ठेवला, तर अमेरिकेचे केंद्र सरकार त्याबद्दल दरवर्षी भाडे देते. ते कसे मिळवावे, आणि मिळाल्यावर काय काय सांभाळावे लागते, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे आयोवाची घेतली आहेत, कारण त्या राज्याचे नियम मला जवळून ठाऊक आहेत. केंद्राचे नियम मात्र सर्व राज्यांना सारखेच लागू पडतात.

योजना कशाचे पैसे देते

या योजनेचे नाव कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. बोलताना सगळे तिला सीआरपी म्हणतात. १९८५ च्या शेती कायद्याने ती सुरू झाली. तेव्हा दोन अडचणी एकत्र आल्या होत्या: धान्याचे उत्पादन गरजेपेक्षा जास्त होत होते, आणि ते वाढवण्यासाठी नांगराखाली आणलेल्या उताराच्या जमिनींची धूप होत होती. धुपणारी जमीन काही वर्षे पिकाखालून काढावी आणि मालकाला त्या जमिनीचे भाडे द्यावे, असा उपाय निघाला. करार १० ते १५ वर्षांचा असतो. वार्षिक भाड्याखेरीज गवत, फुलझाडे किंवा वृक्ष लावण्याच्या मान्य खर्चापैकी साधारण ५० टक्के रक्कम सरकार परत करते. २००७ मध्ये योजनेखालील क्षेत्र सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर होते. २०१८ च्या शेती कायद्याने २०२३ सालासाठी २ कोटी ७० लाख एकरांची मर्यादा घातली.

कारभार अमेरिकेच्या कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी (एफएसए) पाहते. शेतीप्रधान काउंट्यांसाठी तिचे कार्यालय जवळपास असतेच, आणि अर्जाला मंजुरी देणारी समिती त्याच भागातल्या शेतकऱ्यांनी मत देऊन निवडलेली असते. जमिनीची तांत्रिक पाहणी आणि संवर्धन आराखडा यांचे काम नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस या दुसऱ्या संस्थेकडे असते. बहुधा दोन्ही एकाच इमारतीत बसतात.

सीआरपीला अनुदान म्हणण्याची पद्धत आहे, परंतु करारावर सही करणाऱ्याने ते भाडेच समजावे हे बरे. भाडे घेणाऱ्याने वस्तू ठरलेल्या स्थितीत राखायची असते, आणि इथे ती वस्तू म्हणजे दहा वर्षे जिवंत, दाट आणि तणमुक्त राहणारे आच्छादन आहे.

कोणता तुकडा द्यावा, हे कार्यालयात जाण्यापूर्वी ठरवावे

या सर्व व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो घाईने घेतला जातो असे माझे निरीक्षण आहे. सगळे शेत द्यावे की काहीच देऊ नये, अशा दोन टोकांत विचार अडकतो. वास्तविक बहुतेक शेतांत पंधरा-वीस टक्के जमीन अशी असते की तिच्यावर मका आणि सोयाबीन घेणे कसणाऱ्यालाही परवडत नाही आणि मातीलाही नाही. उरलेली जमीन मात्र उत्तम असते. योजनेत द्यायचा तो हा पंधरा-वीस टक्क्यांचा तोट्याचा भाग.

भाड्याचा हिशेबही याच दिशेला बोट दाखवतो. देऊ केलेल्या क्षेत्रातील प्रमुख मातींचे प्रत्येकी एक भाडेमूल्य ठरलेले असते आणि त्यांच्या प्रमाणानुसार सरासरी काढून त्या क्षेत्राचा कमाल दर निघतो. हे भाडेमूल्य काउंटीतल्या कोरडवाहू जमिनीच्या सरासरी खंडावर बेतलेले असते, आणि २०१८ च्या कायद्याने स्पर्धेने घेतल्या जाणाऱ्या करारांसाठी त्या सरासरीच्या ८५ टक्के, तर वर्षभर खुल्या असलेल्या करारांसाठी ९० टक्के अशी मर्यादा घातली (या दोन वाटा पुढे सांगितल्या आहेत). आयोवाच्या मध्य भागातली सपाट काळी जमीन, जिथे क्लॅरियन, निकोलेट आणि वेबस्टर या माती आढळतात, तिचा बाजारातला खंड या भाड्याला सहज मागे टाकतो. दक्षिणेकडच्या रिंगोल्ड, डेकेटर, वेन, ॲपनूस या काउंट्यांत मात्र टेकाडांच्या कुशीत ॲडेअर, लमोनी, क्लॅरिंडा, शेल्बी अशा चिकण, उताराच्या माती आहेत. तिथे पावसाळी वर्षात यंत्र रुतते, कोरड्या वर्षात पीक होरपळते, आणि खताचा व बियाण्याचा खर्च तर चांगल्या जमिनीइतकाच येतो. अशा ठिकाणी दहा वर्षे न चुकता येणारे भाडे मक्याच्या भावावर अवलंबून असलेल्या खंडापेक्षा चांगले ठरू शकते.

तुकडा शोधण्यासाठी तीन साधने पुरेशी आहेत. पहिले साधन म्हणजे कृषी खात्याचा वेब सॉइल सर्व्हे हा विनामूल्य नकाशा: आपल्या शेताची हद्द आखली की प्रत्येक मातीचे नाव, उतार आणि क्षेत्र दिसते. आयोवात त्याच्या जोडीला सीएसआर२ हा मातीच्या उत्पादकतेचा गुणांक पाहावा. तो ५ ते १०० या मापात असतो, आणि जमीन विकत घेतली असेल तर खरेदीच्या कागदांत सहसा सापडतो. दुसरे साधन म्हणजे कसणाऱ्या शेतकऱ्याच्या कापणी यंत्राने काढलेला उत्पन्नाचा नकाशा. तो मागायला संकोच करू नये. कोणत्या कोपऱ्यात आपण दरवर्षी तोट्यात जातो, हे त्या शेतकऱ्याला नकाशाशिवायही ठाऊक असते. तिसरे साधन म्हणजे आपले स्वतःचे पाय. मे-जूनमध्ये, पिके लहान असताना आणि मोठा पाऊस होऊन गेल्यावर, शेतातून एकदा चालावे. ओघळ कुठे पडले, गाळ कुठे साचला, ओढ्याचा काठ कुठे ढासळला, झाडांच्या सावलीतले आणि हरणांनी खाल्लेले तास कोणते, हे नकाशापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

जमीन ‘अतिधूपप्रवण’ आहे का, हेही याच टप्प्यावर पाहावे. धूप निर्देशांक ८ किंवा त्याहून अधिक असला की जमीन त्या वर्गात मोडते. त्याचा अर्थ असा की उघड्या राहिलेल्या त्या जमिनीवरून वाहून जाऊ शकणारी माती ही तिला सोसवणाऱ्या मर्यादेच्या आठपट किंवा जास्त आहे. आयोवातल्या खोल मातींना ती मर्यादा एकरी वर्षाला ५ टन धरली जाते. या वर्गातली जमीन स्पर्धेच्या मार्गाने अर्ज करण्यास सर्वसाधारणपणे पात्र ठरते.

वाईट तुकडा बाजूला काढल्यावर उरलेल्या जमिनीच्या खंडाची बोलणी नव्याने करावीत. तोट्याचे एकर गेल्यावर उरलेल्या शेतातून कसणाऱ्याला मिळणारे सरासरी उत्पन्न वाढते, तेव्हा एकरी खंड थोडा वाढवून मागणे न्याय्य आहे. मालकाच्या हिशेबात ही बाब बहुधा राहून जाते.

स्पर्धेची वाट आणि खुली वाट

पहिल्या वाटेला जनरल साइनअप म्हणतात. सरकार ठरावीक मुदतीत अर्ज मागवते आणि देशभरच्या अर्जांना पर्यावरण-लाभ निर्देशांकानुसार गुण देऊन वरचे अर्ज निवडते. वन्यजीवांचा अधिवास, पाण्याची गुणवत्ता, धूप, दीर्घकाळ टिकणारा लाभ, हवेची गुणवत्ता आणि सरकारला येणारा खर्च हे त्याचे घटक आहेत. यांपैकी मातीचे आणि जागेचे गुण आपल्या हातात नसतात. दोन गोष्टी मात्र असतात. एक, कोणते बियाणे लावणार: परदेशी गवताच्या एक-दोन जातींपेक्षा देशी गवते आणि फुलझाडे यांच्या मिश्रणाला अधिक गुण मिळतात. दुसरी, भाडे किती मागणार: कमाल दरापेक्षा कमी मागितल्यास गुण वाढतात. माझ्या मते बियाण्याच्या बाबतीत वरचा पर्याय घ्यावा आणि भाड्यात फार मोठी सूट देऊ नये, कारण बियाण्याचा जादा खर्च एकदाच येतो आणि सोडलेले भाडे दहा वर्षे गमवावे लागते.

दुसरी वाट कंटिन्युअस साइनअपची. लहान क्षेत्रात मोठा लाभ देणाऱ्या कामांसाठी ती आहे: ओढ्याकाठचे गाळणपट्टे, ओघळीतले गवती जलमार्ग, पाणथळ जागेचे पुनरुज्जीवन, परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी फुलझाडांचे शेत, शेताच्या कडेला लाव्ह्यांसाठी राखलेले पट्टे. इथे गुणांची चढाओढ नसते. जमीन आणि मालक पात्र असले आणि क्षेत्रमर्यादेत जागा शिल्लक असली की अर्ज स्वीकारला जातो. काही कामांसाठी सही करतानाचे आणि काम पूर्ण झाल्यावरचे प्रोत्साहनपर पैसेही असतात. प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो आणि कार्यालयातले लोक त्या क्रमांकानेच बोलतात: गाळणपट्टा म्हणजे सीपी-२१, नदीकाठची झाडी म्हणजे सीपी-२२, कीटकांसाठी फुलझाडे म्हणजे सीपी-४२.

यांतला सीपी-४३, म्हणजे पिकाच्या मधून समपातळीत घातलेले देशी गवताचे पट्टे, आयोवातल्या मालकाने विशेष लक्षपूर्वक पाहावा. त्याचा पाया आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधनात आहे. २००७ पासून नील स्मिथ राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यातल्या लहान पाणलोटांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की शेताच्या केवळ १० टक्के भागात असे पट्टे घातल्यास वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी कमी होते. पट्टा किमान ३० फूट रुंद लागतो, आणि दोन पट्ट्यांमधले अंतर पेरणी यंत्राच्या रुंदीच्या पटीत ठेवले तर कसणाऱ्याचे काम अडत नाही. ज्या मालकाला शेतीही चालू ठेवायची आहे आणि मातीही वाचवायची आहे, त्याच्यासाठी याहून चांगला पर्याय मला या योजनेत दिसत नाही.

याशिवाय चराऊ कुरणांसाठी वेगळी सोय आहे, तसेच राज्य सरकारच्या भागीदारीत चालणारी एक शाखाही आहे. ज्यांच्याकडे गुरे किंवा मोठी पाणथळ जमीन आहे, त्यांनी त्यांची चौकशी करावी.

मालकाची पात्रता, आणि व्हिसावर असलेल्यांसाठी सूचना

अर्जाची मुदत संपण्यापूर्वी किमान १२ महिने जमीन आपल्या मालकीची असावी लागते. वारशाने आलेल्या जमिनीला यातून सूट आहे, आणि योजनेत घालण्याच्या हेतूने जमीन घेतलेली नाही असे समितीला पटल्यास इतर बाबतींतही सूट मिळू शकते. जमिनीवर पिकाचा इतिहास असावा लागतो. २०१८ च्या कायद्यानुसार २०१२ ते २०१७ या सहा वर्षांपैकी चार वर्षे ती पिकाखाली असावी किंवा तशी मानली जावी. मालकाचे सरासरी समायोजित उत्पन्न ९ लाख डॉलरपेक्षा जास्त नसावे, आणि एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात भाड्यापोटी ५० हजार डॉलरपेक्षा अधिक मिळत नाहीत. जमीन एलएलसी किंवा ट्रस्टच्या नावावर असली, तर ही मर्यादा त्यातल्या प्रत्येक भागीदाराच्या हिश्श्याप्रमाणे मोजली जाते. मर्यादा ओलांडण्यासाठी नव्या कंपन्या काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

नागरिकत्वाचा प्रश्न आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा असल्यामुळे तो जरा विस्ताराने मांडतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना अडचण नाही. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेली व्यक्ती मात्र या नियमांच्या दृष्टीने परदेशी व्यक्ती ठरते. तिने जमीन, भांडवल आणि भरीव प्रमाणात स्वतःचे श्रम असे तिन्ही दिल्याशिवाय तिला हे पैसे मिळू शकत नाहीत, आणि दूर राहणाऱ्या मालकाला ही अट पूर्ण करणे जवळपास अशक्य आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे १९७८ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीने शेतजमीन घेतल्यास ९० दिवसांच्या आत एफएसए-१५३ या नमुन्यात कृषी खात्याला कळवावे लागते. एकूण धारण १० एकरांहून अधिक असेल तर यातून सुटका नाही, आणि न कळवल्यास जमिनीच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोवाचा कायदा तर कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या परदेशी व्यक्तीला शेतजमीन खरेदी करण्यासच मनाई करतो. म्हणून ज्यांचे ग्रीन कार्ड अद्याप झालेले नाही, त्यांनी सीआरपीचा विचार करण्यापूर्वी, किंबहुना जमीन घेण्यापूर्वीच, त्या राज्यातल्या शेतजमिनीचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

जमीन कसणारा शेतकरी

करार मालकाशी होतो म्हणून कसणाऱ्याला शेवटी सांगितले तरी चालेल, असे समजू नये. योजनेत जमीन घालण्यासाठी कसणाऱ्याला बाहेर काढण्यास नियमांची मनाई आहे, आणि काही वेळा भाड्यात त्याचाही हिस्सा ठरवला जातो. आयोवात शेताचा खंडाचा करार संपवायचा किंवा बदलायचा असेल, तर १ सप्टेंबरपूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही, तर १ मार्चला संपणारा करार आणखी एक वर्ष त्याच अटींवर चालू राहतो. जनरल साइनअपचा करार सहसा १ ऑक्टोबरपासून सुरू होतो. या तारखा समोर ठेवून आदल्या उन्हाळ्यातच कसणाऱ्याशी मोकळेपणाने बोलावे. गवत पेरणे, पहिल्या वर्षीची छाटणी, तणांवर नजर ठेवणे ही कामे बहुधा त्यालाच मोबदला देऊन करवून घ्यावी लागणार आहेत. तो नाराज असेल, तर शंभर मैलांवरून गवत राखणे कोणत्याही मालकाला जमणार नाही.

कार्यालयातले कागद

जाण्यापूर्वी दूरध्वनी करून भेटीची वेळ घ्यावी आणि साइनअप सुरू आहे का ते विचारावे. २०१८ च्या कायद्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली आणि त्यानंतर योजना तात्पुरत्या मुदतवाढींवर चालत आली आहे. मुदतवाढ नसलेल्या काळात जुने करार चालू राहतात, पण नवे अर्ज घेतले जात नाहीत. काउंटीतली सीआरपीची जागा भरली आहे का, हेही त्याच वेळी विचारावे, कारण सर्वसाधारणपणे एका काउंटीतील पिकाखालील जमिनीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन या योजनेत आणि पाणथळ जमिनींच्या संवर्धन करारांत मिळून घेता येत नाही.

पहिल्या भेटीला मालकीचा नोंदवलेला दस्त, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि खंडाचा चालू करार बरोबर असावा. संस्थेच्या नावावर जमीन असल्यास तिची कागदपत्रे आणि सही करण्याचा अधिकार दाखवणारा ठराव लागतो. जमीन भावंडांच्या नावावर सामाईक असेल, तर ज्यांचा ज्यांचा हिस्सा आहे त्या सर्वांच्या सह्या लागतात. भारतात असलेल्या भावाची किंवा बहिणीची सही वेळेवर न मिळाल्याने मुदत हातची जाऊ शकते, म्हणून एफएसए-२११ या नमुन्यातले मुखत्यारपत्र आधीच करून ठेवावे.

कार्यालय शेताला क्रमांक देऊन हवाई छायाचित्राचा नकाशा काढून देते. त्यावर देऊ केलेल्या तुकड्याची हद्द आखली जाते, आणि ही हद्द पुढची दहा वर्षे प्रमाण मानली जाणार असल्यामुळे ती नीट तपासून घ्यावी. यंत्र वळवायला जागा, शेतात शिरण्याचा रस्ता, पाइपांच्या निचऱ्याची तोंडे यांचा विचार इथेच करावा. स्पर्धेच्या वाटेचा अर्ज सीआरपी-२ या नमुन्यात, खुल्या वाटेचा सीआरपी-२सी मध्ये होतो. त्यांच्या जोडीला अतिधूपप्रवण आणि पाणथळ जमिनीविषयीच्या अटी मान्य असल्याचा एडी-१०२६, शेतीच्या व्यवस्थेचा सीसीसी-९०२, उत्पन्नमर्यादेचा सीसीसी-९४१ हे नमुने लागतात, आणि संस्था असल्यास तिच्या सदस्यांचा सीसीसी-९०१ भरावा लागतो. अर्ज स्वीकारला गेल्यावर तांत्रिक अधिकारी संवर्धन आराखडा करतो, मालक त्यावर सही करतो, आणि सीआरपी-१ हा मुख्य करार समितीपुढे जातो.

समितीची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत बियाणे पेरू नये, नांगरट करू नये, कोणाला कामाची आगाऊ रक्कम देऊ नये. मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामाचा अर्धा खर्च मागण्याचा हक्क जातो. करार पूर्ण वाचल्याशिवाय, विशेषतः मागच्या बाजूला असलेले परिशिष्ट वाचल्याशिवाय सही करू नये. मालकाला पुढे जो त्रास होतो, तो जवळजवळ नेहमी त्या परिशिष्टातल्या एखाद्या कलमातून उद्भवतो. अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. काउंटी समितीकडे फेरविचार, मध्यस्थी, आणि त्यानंतर कृषी खात्याचा स्वतंत्र राष्ट्रीय अपील विभाग अशा पायऱ्या आहेत. सामान्यतः निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत हालचाल करावी लागते.

पेरणी आणि पहिली तीन वर्षे

देशी गवतांचे बियाणे बारीक असते आणि खोल गेले तर उगवत नाही, म्हणून सोयाबीन काढलेल्या स्वच्छ रानात पाव इंचाहून खोल न जाईल अशी पेरणी करावी. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान गोठलेल्या जमिनीवर बी फेकण्याची पद्धतही आयोवात प्रचलित आहे. गोठण्या-वितळण्याने बी आपोआप मातीत बसते आणि फुलझाडांच्या बियांना लागणारी थंडीही मिळते. मिश्रणात बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, साइडओट्स ग्रामा ही गवते आणि जोडीला कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन, पार्ट्रिज पी अशी फुलझाडे सामान्यतः असतात. नेमके मिश्रण मात्र आराखड्यात लिहिल्याप्रमाणेच असले पाहिजे, आणि बियाण्याची बिले व पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या पाहिजेत.

बियाणे स्वस्त मिळते म्हणून कोठूनही घेऊ नये. २०१६ मध्ये आयोवातल्या अनेक काउंट्यांत पामर अमरांथ हे अत्यंत चिवट तण संवर्धनासाठी लावलेल्या शेतांत आढळले, आणि ते दूषित बियाण्यांच्या मिश्रणातून आले होते. हे तण राजगिऱ्याच्या कुळातले आहे, झपाट्याने वाढते, अनेक तणनाशकांना दाद देत नाही आणि एका झाडाला लाखो बिया धरते. चांगुलपणाने लावलेले गवत शेजाऱ्याच्या सोयाबीनला असा उपद्रव देऊ लागले, तर त्या गावात मालकाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. विक्रेत्याकडून पामर अमरांथसाठी तपासणी झाल्याचा लेखी अहवाल घ्यावा आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत शेत स्वतः पाहावे.

पहिल्या वर्षी शेत पाहून मन खट्टू होते: वर तण माजलेले, खाली देशी गवताचे बोटभर कोंब. ही रोपे त्या वर्षी सगळी शक्ती मुळे खोल नेण्यात घालवतात. तण फुटभर वाढले की सहा-आठ इंचांवर छाटत राहावे, म्हणजे ते बी धरत नाही आणि कोंबांना ऊन मिळते. दुसऱ्या वर्षी फुले दिसू लागतात आणि तिसऱ्या वर्षी गवत उंच, दाट होते. या काळात निराश होऊन पुन्हा नांगर घालण्याची चूक करू नये. रोपे खरोखर कमी वाटल्यास तांत्रिक अधिकाऱ्याला बोलावून मोजणी करून घ्यावी.

करार चालू असताना

आयोवात १५ मे ते १ ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ मानला जातो आणि त्या काळात लागवड रुजल्यानंतर छाटणी करता येत नाही. तणांचा उपद्रव असल्यास फक्त तेवढ्या जागेवर फवारणी करायलाही आधी कार्यालयाची परवानगी घ्यावी. शेत नीटनेटके दिसावे म्हणून दर उन्हाळ्यात सगळे गवत कापून टाकण्याची हौस काही मालकांना असते. ती करारभंगाचे कारण होऊ शकते. गवत विकणे, गुरे चारणे, धान्य घेणे यांना मनाई आहे. दुष्काळात चाऱ्यासाठी किंवा ठरावीक वर्षांनी गवत कापण्याची सवलत मिळते, पण परवानगी आधी हवी आणि काही प्रकारांत त्या वर्षीचे भाडे कमी होते. शिकारीच्या हंगामात जमीन शिकारीसाठी भाड्याने देता येते. कराराच्या मध्यावर ठरवून जाळणे, हलकी नांगरट किंवा नवे फुलझाडांचे बी पेरणे यांपैकी एखादे व्यवस्थापन करावे लागते आणि त्याचा खर्च मालकाचा असतो. तो सुरुवातीच्या हिशेबातच धरावा. क्षेत्राचा वार्षिक अहवाल एफएसए-५७८ या नमुन्यात सहसा १५ जुलैपर्यंत द्यायचा असतो.

भाडे ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी, बँकेत जमा होते. कोणाला किती पैसे मिळाले ही माहिती सार्वजनिक असते आणि काउंटीनिहाय याद्या कोणालाही पाहता येतात, हे लक्षात असू द्यावे. करासाठी १०९९-जी हा तक्ता येतो. ही रक्कम स्वयंरोजगार कराला पात्र आहे का, हा वादाचा प्रश्न आहे. २०१४ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, ज्याच्या कक्षेत आयोवा येते, स्वतः शेती न करणाऱ्या मालकाला मिळालेली रक्कम जमिनीचे भाडे ठरवली आणि तो कर लागू नाही असा निकाल दिला. कर खाते मात्र त्या निकालाशी सहमत झालेले नाही. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना २००८ पासून कायद्यानेच सूट आहे. शेतीची विवरणपत्रे करणारा करसल्लागार यासाठी निवडावा.

जमीन विकायची झाल्यास खरेदीदाराने ६० दिवसांत करार आपल्या नावावर घ्यावा लागतो. त्याने तो घेतला नाही, तर मालकाला आतापर्यंत मिळालेले सर्व भाडे आणि लागवडीचा खर्च व्याजासह परत करावा लागतो, शिवाय एका वर्षाच्या भाड्याच्या २५ टक्के भरपाई द्यावी लागते. मध्येच करार मोडणाऱ्यालाही हाच नियम आहे. आठव्या-नवव्या वर्षी ही रक्कम फार मोठी होते. म्हणून विक्रीच्या करारनाम्यात खरेदीदार सीआरपीची जबाबदारी घेईल आणि न घेतल्यास परतफेड तोच करील, असे कलम वकिलाकडून घालून घ्यावे. पुढच्या पाच-सात वर्षांत मुलांच्या शिक्षणासाठी किंवा भारतात परतण्यासाठी जमीन विकण्याचा विचार असेल, तर करार करण्यापूर्वीच तो घरात बोलून घ्यावा.

मुदत संपताना

शेवटच्या वर्षी पुढचा निर्णय लवकर घ्यावा. साइनअप खुले असल्यास त्याच जमिनीचा नवा अर्ज करता येतो, आणि गवत आधीच जोमात असल्यामुळे लागवडीचा खर्च फारसा येत नाही. जमीन पुन्हा पिकाखाली न्यायची असेल, तर अतिधूपप्रवण क्षेत्रासाठी संवर्धन आराखडा पाळावा लागतो. तो न पाळल्यास कसणाऱ्याची इतर सरकारी मदतही अडचणीत येते, म्हणून त्याला विश्वासात घ्यावे. तिसरा पर्याय मला विशेष चांगला वाटतो. नव्याने शेतीत येणाऱ्या किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्या शेतकऱ्याला ती जमीन विकली किंवा दीर्घ मुदतीने दिली, आणि त्याने ती संवर्धनाच्या पद्धतीने कसण्याचे मान्य केले, तर ट्रान्झिशन इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅमखाली मालकाला आणखी दोन वर्षांपर्यंतचे भाडे मिळू शकते. या अर्जाची तयारी कराराच्या शेवटच्या दोन वर्षांत करावी लागते, आणि दोन्ही पक्षांची कागदपत्रे एकाच वेळी काउंटी कार्यालयात द्यावी लागतात.